डाव्या कडेची रेघ

"हा मी रंगवलेला नाही," सुईकाका म्हणाले.

टेबलाभोवतीचे सगळे हसले. हातातला चिमुकला रणगाडा दिव्याखाली तिरका धरून काका इतक्या गंभीरपणे बोलले होते, की चोरीचा माल सापडल्यावर हवालदारही इतका गंभीर होत नसेल.

"मग काय, उंदरांनी येऊन रंगवला?" डावरा म्हणाला. तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पुठ्ठ्याची टेकडी चिकटवत होता. "ठेव तो खाली. आज तुझी फौज पुलाकडून येणार आहे. ती मांड आधी, उगाच वेळ काढू नकोस."

काकांनी रणगाडा खाली ठेवला नाही.

सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत दर रविवारी सकाळी पाचसहा प्रौढ माणसं जमायची आणि पोरासोरांना लाजवतील अशा उत्साहाने लढाया खेळायची. मोठं टेबल, त्यावर मातकट कापड, पुठ्ठ्याच्या टेकड्या, काड्यापेटीएवढी घरं. कोणता रणगाडा किती पुढे सरकणार ते टेपने मोजायचं आणि गोळा लागला की नाही ते फासे टाकून ठरवायचं. रणगाडे यायचे प्लास्टिकच्या सुट्या भागांत. ते जोडायचे, रंगवायचे आणि मगच मैदानात उतरवायचे. बिनरंगाचा रणगाडा टेबलावर ठेवणं म्हणजे लग्नाला बनियनवर जाणं, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. घरच्या मंडळींनी या खेळाला नावं ठेवून ठेवून शेवटी नावं ठेवण्याचाच नाद सोडला होता.

सुईकाकांचं हे नाव मात्र खेळातलं नव्हतं. ते रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते आणि सगळी नोकरी लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शीर शोधण्यात गेली होती. आसपासची पोरं त्यांना बघून आईच्या मागे लपायची, आणि त्याच पोरांच्या आया लॅबमध्ये आल्या की विचारायच्या, "सुईकाका आहेत ना? मग बसते." मुंगी चावल्याएवढंही कळायचं नाही, अशी त्यांची ख्याती होती.

क्लबात त्यांची ख्याती होती ती बेसकोटची. बेसकोट म्हणजे अस्तरावर द्यायचा पहिला सलग रंग. चिखल, गंज, आकडे, ओरखडे ही सगळी मजा नंतरची, आणि ती डावऱ्याकडे असायची. डावरा म्हणजे काकांचा शाळेपासूनचा मित्र, एका बाकावरचा. डाव्या हाताने लिहायचा म्हणून मास्तरांचा मार खाल्लेला, आणि मार खाऊनही डावखुराच राहिलेला. काकांनी रणगाडा जोडून, बेसकोट देऊन खोक्यात घालून द्यायचा आणि डावऱ्याने तो घरी नेऊन पुरा करायचा, अशी दोघांची वाटणी ठरून गेली होती. वरची सजावट कुणालाही जमते, पण खालचा रंग सपाट बसला नसेल तर सजावट म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर लावलेलं कॅलेंडर, असं काका सांगत आणि डावऱ्यासकट सगळे ऐकून घेत.

नवीन माणूस क्लबात आला की काका त्याला समोर बसवून शिकवायचे. आधी प्लास्टिक साबणाने धुवा, त्याला साच्याचं तेल असतं, त्यावर रंग धरत नाही. मग नीट वाळवा. रंग दुधासारखा पातळ करा, सायीसारखा नको. ब्रश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच न्या आणि उचला. "वाळत्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवणारा माणूस म्हणजे झोपलेल्या बाळाला उठवून 'झोपलास का रे' विचारणारा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि सगळ्यांत शेवटी, बोट उंचावून: "पहिला थर कुरूपच दिसतो. त्याच्याकडे बघून घाबरायचं नाही. धीर धरायचा. रंग वाळताना आपोआप बसतो."

या शेवटच्या वाक्याने त्यांचाच घात केला होता, पण ते त्यांना अजून कळायचं होतं.

आत्ता त्यांच्या हातात होता तो सगळ्यांत रुंद पाठीचा रणगाडा. तो त्यांनी कपाटातून काढला होता एका खास कारणासाठी, आणि ते कारण त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं, डावऱ्यालाही नाही. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता. आधी बशीवर कप वाजायचा, मग सहीचं शेपूट लांबायला लागलं. एक दिवस लॅबच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना बोलावून रिपोर्ट वाटायच्या काउंटरवर बसवलं. "तुम्ही लोकांशी किती छान बोलता, काका," असं त्या म्हणाल्या. काकांना काय समजायचं ते समजलं. सुईकाकांच्या हातातली सुई गेली आणि नुसते काका उरले.

पुढचे कितीतरी दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. आणि मग क्लबात त्यांनी रंगवलेले रणगाडे डावऱ्याकडून पुरे होऊन यायला लागले. सपाट, सलग, काचेवर धरलेल्या वाफेसारखा रंग. काकांनी एकेक उचलून पाहिला आणि त्यांच्या जिवात जीव आला. म्हणजे हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो! नोकरीतून निघायच्या आधी हे सिद्ध करायचंच, असं त्यांनी मनाशी घेतलं. परवाच ते एक रणगाडा खिशात घालून मॅडमच्या खोलीत गेले होते. "बघा. थरथरणाऱ्या हाताने हे होईल का?" मॅडमनी तो चष्म्याच्या वर धरून, खाली धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बरं. सोमवारी माझ्यासमोर एकदोघांचं रक्त घ्या. मग ठरवू." तो रणगाडा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो टेबलावर ठेवूनच घेतला. उद्याच तो सोमवार. म्हणून काका त्याला एक जोडीदार शोधत होते.

एरवी त्यांनी इतक्या बारकाईने पाहिलंच नसतं. आपल्या पोराचं नाक कुणी रोज तपासून बघतं का?

"हे बघा," काका म्हणाले आणि त्यांनी रणगाड्याची पाठ दिव्याकडे कलती केली. "उजव्या हाताचा माणूस ब्रश डावीकडून उजवीकडे ओढतो. शेवटी ब्रश उचलताना रंगाचा शेवटचा थेंब उजव्या कडेला थांबतो. तिथे केसाएवढी जाड रेघ राहते. सरळ बघितलं तर दिसत नाही, तिरप्या उजेडात दिसते. माझ्या प्रत्येक गाडीला आहे." त्यांचा अंगठा रणगाड्याच्या दुसऱ्या बाजूवर सरकला. "ही रेघ डाव्या कडेला आहे."

कपाटातून त्यांनी दुसरा काढला. डावीकडे. तिसरा काढला. डावीकडे.

क्लबात एक बाई होत्या, ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या. तोंडावर बोलायला त्या कुणाला भीत नसत. हरलेल्या माणसाला तो का हरला हे त्या घरी जाईपर्यंत सांगत. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी हातातली टेप पूर्ण बाहेर ओढली आणि पुन्हा आत जाऊ दिली, पण मान वर केली नाही.

काकांनी तिन्ही रणगाडे खाली ठेवले. म्हणजे यांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच.

"बाहेर ये," ते डावऱ्याला म्हणाले.

जिन्याच्या वळणावर एक बेसिन होतं, रंगाचे ब्रश धुऊन धुऊन त्याचा मूळ रंग कुणाच्या लक्षात उरला नव्हता. डावऱ्याने नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला, पुन्हा सोडला.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तुला काउंटरवर बसवलं ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

"आणि मी द्यायचो त्यांचं काय करायचास?"

"घरी नेऊन द्रावणात बुडवायचो. रंग सुटला की घासून काढायचो, आणि मग पुन्हा..." डावरा चाचरला. "तू शिकवलंस तसंच करायचो. दुधासारखा पातळ."

"वा! उपकार केलेस."

"अरे, उपकार कसले? तुझी अवस्था काय झाली होती तुला माहीत नाही. तू दिलेला पहिला रणगाडा मी उघडला आणि मला... मला तो कुणाला दाखवावासा वाटेना. तुला कसा दाखवू?"

"मागच्या महिन्यात पुलाची तुकडी टेबलावर आली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास."

"तुझ्यासाठी वाजवल्या."

"मी सगळ्यांसमोर कमरेत वाकून मुजरा केला रे! सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी विदूषकासारखा वाकत होतो!" काकांचा आवाज जिन्यात घुमला. खाली सायकलवाल्याने हवा भरायचा पंप थांबवून वर पाहिलं. "केसाने गळा कापलास तू माझा. शत्रूनेही इतक्या हळुवारपणे कापला नसता."

डावऱ्याचा ओला हात तसाच निथळत होता.

"माझा शेवटचा कोणता?"

"काय करायचंय तुला ते जाणून?"

"सांग."

"रुग्णवाहिका. ती छोटी."

काकांना ती आठवली. तिच्यावर त्यांनी स्वतः नाक मुरडलं होतं. दाराजवळ रंग जरा साचला होता, घाईत झाली म्हणून ती त्यांनी कपाटात मागच्या रांगेत ढकलली होती. पुढच्या रांगेत उभं राहून वर्षभर ज्यांनी त्यांना धीर दिला, त्यांतला एकही रणगाडा त्यांचा नव्हता. खरं बोलली होती ती मागची रुग्णवाहिका, आणि तिलाच त्यांनी लपवलं होतं.

"उद्या मी माणसाच्या शिरेत सुई घालणार होतो," काका म्हणाले.

"काय?"

"मॅडमनी परवानगी दिली. मी त्यांना रणगाडा नेऊन दाखवला. बघा म्हटलं, माझा हात. तुझा रणगाडा दाखवला मी त्यांना!"

डावरा मटकन पायरीवर बसला. "तू मला बोलला नाहीस."

"तुम्हाला चकित करणार होतो. उद्या संध्याकाळी पेढे घेऊन... जाऊ दे."

"अरे, मला एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"तू सांगितलंस?"

डावऱ्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी वहिनींना म्हटलं होतं, की हे फार दिवस चालायचं नाही म्हणून." निघून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण धनुष्यातून सुटलेला बाण आणि डावऱ्याच्या तोंडून सुटलेली गोष्ट, दोन्ही माघारी येत नाहीत, हे काकांना शाळेपासून माहीत होतं.

ते वर गेले नाहीत. आपली पिशवीही त्यांनी आणली नाही. तसेच जिना उतरून रस्त्याला लागले.

काकू खिडकीजवळ बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका दुपारभर कुठे भटकले हे त्यांनी विचारलं नाही, त्यावरूनच काकांना कळलं की फोन येऊन गेला आहे.

"जेवायला वाढू?"

"तुला माहीत होतं."

काकूंनी हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. "माहीत होतं काय म्हणता? मीच गेले होते भाऊजींकडे. त्यांनी नाही म्हटलं होतं आधी. मी हात जोडले."

"का?"

"का म्हणून विचारता? भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. भात खायला चमचा दिला तर ठेवून द्यायचात, सांडेल म्हणून. हाक मारली तर ओ नाही. आणि मग त्या खोक्यात तुम्ही रंगवलेलं मी बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. म्हटलं, हे पण गेलं तर हा माणूस उठायचा नाही. एवढं एक तरी राहू दे त्याला."

"आणि मी मूर्खासारखा फसत गेलो."

"तुम्ही हसायला लागलात," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "अंघोळ करताना गुणगुणायला लागलात. मला तेवढंच हवं होतं. खोटं तर खोटं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन."

काकांना हा कबुलीजबाब थोबाडीत मारल्यासारखा लागला. माफी मागितली असती तर त्यांना रागवता तरी आलं असतं.

"उद्या एखाद्या बाईच्या हातात मी सुई आरपार घातली असती," ते म्हणाले, "मग कोण गुणगुणलं असतं?"

ते सोमवारचं डावऱ्याकडून काकूंच्या कानावर आलंच असणार, तरी त्या दचकल्या. फोनवर ऐकणं वेगळं आणि नवऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. त्यांनी घडी घातलेला शर्ट उगाच पुन्हा उलगडला.

काका जेवणाच्या टेबलाकडे गेले. तिथे एका खोक्याखाली त्यांनी कालच पहिला थर दिलेला रणगाडा वाळत होता. वाळेपर्यंत खोकं उचलायचं नाही, धूळ बसते, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी डावरा येऊन खोक्यासकट घेऊन जायचा. त्यांनी खोकं उचललं आणि रणगाडा खिडकीच्या उजेडात नेला.

तोफेच्या बुंध्याशी रंगाचा ढीग झाला होता. पाठीवर मधूनमधून राखाडी अस्तर उघडं पडलं होतं. ब्रश जिथे थरथरला, तिथे रंगाच्या बारीक बारीक पायऱ्या होत्या आणि एक ब्रशचा केस चिकटून तसाच वाळला होता. हे त्यांना काल दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण पहिला थर कुरूपच दिसतो! ज्या वाक्याने त्यांनी इतक्यांना धीर दिला, त्याच वाक्याने वर्षभर स्वतःला धीर दिला होता. आणि प्रत्येक वेळी क्लबात तो रंग खरोखरच 'बसलेला' असायचा. मग त्यांनी शंका तरी का घ्यावी?

"अहो," मागून काकू म्हणाल्या. "माझ्यावर रागवा. भाऊजींवर नको."

काका वळले नाहीत. कुणावर रागवायचं हे ठरवायची सवलतही या लोकांनी त्यांच्याकडे ठेवली नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावले म्हणून तक्रार न्यायची कुणाकडे? बाहेरच्या माणसाने फसवलं असतं तर घरी येऊन बायकोला सांगता आलं असतं. बायकोने फसवलं असतं तर डावऱ्याकडे जाऊन बसता आलं असतं. त्यांना अतिशय एकटं वाटलं, आणि याचं कारण असं की त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं दोनच होती.

त्या संध्याकाळी डावऱ्याचा फोन पुन्हा आला. काकांनी तो वाजू दिला.

सोमवारी ते नेहमीच्या वेळी लॅबमध्ये गेले. आतल्या खोलीत मॅडमनी सगळी तयारी करून ठेवली होती. ट्रेमध्ये सुया, कापूस, नळ्या. त्यांच्या मापाचे हातमोजे. खुर्चीची उंचीही त्यांना लागते तशी कुणीतरी वाढवलेली. आता रक्त घ्यायचं काम करणारी मुलगी एका बाजूला उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की तिला काकांसाठी मनापासून आनंद झाला आहे.

"या, सुईकाका!" मॅडम म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी त्या पुऱ्या नावाने हाक मारली होती. क्षणभर काकांना वाटलं, बसावं खुर्चीत. एकदाच. कुणास ठाऊक, लागेलही.

"मॅडम, हा रणगाडा," त्यांनी टेबलाकडे बोट केलं, "मी रंगवलेला नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "मग?"

"माझ्या मित्राने. मला माहीत नव्हतं. डावरा म्हणतात त्याला. फार सुरेख काम आहे त्याचं." हे ते खोटं बोलले नाहीत आणि कौतुकही करत नव्हते. त्यांनी डावऱ्याला माफ केलं नव्हतं, करतील असंही त्यांना वाटत नव्हतं. पण ज्याचं काम त्याच्या नावावर असावं, एवढंच. "तुम्हाला आवडला असेल तर ठेवा. मी काउंटरवर बसतो."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. त्या मुलीने ट्रे हळूच आपल्याकडे ओढून घेतला. हातमोजे तसेच राहिले.

काउंटरवर पहिल्याच उभ्या होत्या एक म्हाताऱ्या मावशी, वर्षा-दीड वर्षाने एकदा येणाऱ्या. काकांना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आज तुम्ही आहात! बरं झालं बाई. मागच्या खेपेला तुम्ही नव्हतात, तर मी परतच गेले. तुम्हीच घ्या हो, तुमचं कळतसुद्धा नाही."

"आता ही मुलगी घेते, मावशी. माझ्यापेक्षा छान घेते."

"नको बाई, मला भीती वाटते."

"मी येतो ना तुमच्याबरोबर. चला."

ते मावशींना धरून आत घेऊन गेले. मावशी खुर्चीत बसल्या, डावा दंड त्यांनी पुढे केला आणि दुसऱ्या हाताने काकांचा उजवा हात गच्च पकडला. मुलीने पट्टा बांधला, शीर शोधली, कापूस फिरवला. मावशींनी डोळे घट्ट मिटले.

"बघा हो," मिटल्या डोळ्यांनीच त्या ओशाळून हसल्या, "या वयात, लहान पोरीसारखी किती थरथरतेय मी!"

काकांनी त्या दोन हातांकडे पाहिलं. मावशींचा हात स्थिर होता.

"होतं असं, मावशी," ते म्हणाले. "आत्ता थांबेल."